तिकोन साहेब

साहेब रागावले की ओरडायचे नाहीत. चष्मा काढून खिशात ठेवायचे, पँट घोट्याच्या वर दुमडायचे आणि समोरच्याची बादली उचलून पडीत जमिनीकडे नेऊन उपडी करायचे. माझी त्यांची पहिली ओळख अशीच झाली, आंजीच्या आमच्या वावरात. मी तेव्हा सातवीत होते. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून फवारणीचं औषध कालवत होते. अळीचं एक, बुरशीचं एक आणि कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार दिसावी म्हणून वरून टॉनिक. तिन्ही एकाच बादलीत, म्हणजे एका फेरीत काम आटोपतं. सगळं गाव असंच करायचं. साहेब नवे कृषी सहायक म्हणून आले होते. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं, तिन्ही औषधांची नावं विचारली आणि चष्मा काढला.

"साहेब, इकत आणलेली दवाई हाय थे," बाबा म्हणाले.

"तीन दवाया एका बादलीत. उद्या पानं जळली तर कोणाले धरशीन?" साहेब रिकामी बादली बाबांपुढे ठेवत म्हणाले. "अन् अळी मेली तर गुण कोणाचा म्हणशीन? एक मार, आठ दिवस थांब, पाह्य. मंग दुसरं."

बाबांनी पुढचे आठ दिवस त्यांना शिव्या घातल्या, पण थांबले मात्र पुरते आठ दिवस. टॉनिकवर तर साहेबांचा विशेष दात होता. "टॉनिक म्हणजे दुकानदाराची ताकद," असं ते म्हणायचे. औषध कोणतंही असो, त्यात टॉनिक मिसळणाऱ्याला ते गावच्या चावडीसमोर नाव घेऊन गाढव म्हणायचे, आणि त्यात सरपंचही सुटला नव्हता.

लोकांनी त्यांना नाव ठेवलं तिकोन साहेब. प्रत्येक कीडनाशकाच्या डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांना साहेबांनी ही चार रंगांची शाळा शिकवली. निंदणाच्या ओळीत जाऊन उभे राहायचे, पिशवीतून रिकामा डबा काढायचे आणि विचारायचे, "तिकोन कोणता?" बायका पदर तोंडावर धरून हसायच्या, पण उत्तर बरोबर द्यायच्या. माझी आई शेवटपर्यंत दुकानातून घरात आलेली कोणतीही बाटली, अगदी फिनेलची सुद्धा, फिरवून फिरवून तिकोन शोधायची. "दवाई देणाऱ्यानं नाव सांगितलं पाह्यजे," साहेब सांगायचे. "अन् घेणाऱ्यानं इचारलं पाह्यजे. नाव न सांगता देते थे दवाई नाई, थे जहर."

हे उगाच नव्हतं. त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या गावात एकाने उरलेलं कीडनाशक थंड पेयाच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवलं होतं. त्याच्या बायकोने उन्हातून आल्यावर ती बाटली तोंडाला लावली. साहेबांनी तिला स्कूटरवर मध्ये बसवून, मागून दिराला धरायला लावून आर्वीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं होतं? कोणालाच माहीत नव्हतं. बाटलीवर पेयाचं नाव होतं. ती बाई वाचली नाही. ही गोष्ट साहेब दरवर्षी पेरणीच्या सभेत सांगायचे आणि दरवर्षी सांगताना त्यांचा आवाज चढायचा. औषध दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही, हा त्यांचा एवढा एक नियम होता ज्यावर ते कोणाचं काही ऐकून घेत नसत.

फिरतीवर ते स्वतःचं पाणी आणि स्वतःचा स्टीलचा ग्लास बाळगायचे. मला वाटायचं, साहेब आजाराला भितात. मोठी झाल्यावर कळलं. त्यांचे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून पायी गावी परतले होते. मुलांना त्यांनी बजावून ठेवलं होतं की जिथे आपल्यासाठी वेगळा कप ठेवतात तिथे तहान लागू द्यायची नाही. आमच्या घरीही वेगळा कप होता. फुटक्या कानाचा, न्हाणीजवळच्या कोनाड्यात. साहेबांनी तो एकदाच पाहिला आणि आपल्या पिशवीतून ग्लास काढला. पुढे तो कप आईने कधी फेकला ते मला आठवत नाही, पण बादली उपडी केली त्या दिवसापेक्षा त्या ग्लासाची लाज मला जास्त वाटते. लोक आपल्या पाठीमागे काहीतरी ठरवतात आणि तोंडावर गोड बोलतात, याची साहेबांना जन्मभर चीड होती. तोंडावर बोला, मग शिवी द्या तरी चालेल.

मी शेतकीची पदविका घेतली तीही त्यांच्यामुळेच. बाबा म्हणत होते पोरीने डीएड करावं. साहेब म्हणाले, "पोरगी बादलीत नाक घालून पाह्यते, मास्तरीण होऊन काय करन?" नोकरी लागल्यावर पहिली तीन वर्षं मी त्यांच्याच हाताखाली काढली. ते मला बाई म्हणायचे, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं. त्यांनी मला फवारणीची वही ठेवायला शिकवली. उभ्या रेघा मारायच्या: तारीख, औषध, मात्रा, काय दिसलं. शेवटच्या रकान्यात 'बरं वाटलं' असं लिहिलं की ते पान फाडायचे. "वाटलं कायले लिहितं? पाह्यलं काय थे लिही." ते निवृत्त झाले, पिपरी मेघेत घर बांधलं, आणि मीही बदली होऊन दोन गल्ल्या सोडून राहायला आले. रविवारी त्यांच्याकडे चहा ठरलेला. मला त्यांच्या कपात चहा आणि त्यांना माझ्यावर तोंडसुख.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी व्हायला लागली. कावीळ असेल म्हणून महिना गेला. मग नागपूरच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, पित्ताच्या नळीत जाळी बसवली, आणि साहेब झोपेच्या इंजेक्शनमधून बाहेर यायच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावलं. आम्ही म्हणजे साहेबांचा मुलगा मिलिंद, जो पुण्यात नोकरीला आहे आणि ज्याचा मुलगा शाळेसाठी आजोबांकडे असतो, साहेबांची बायको, म्हणजे काकू, आणि मी.

पित्तनलिकेचा कॅन्सर होता. यकृतात पसरलेला. ऑपरेशन आता होणार नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता, कागदावर चित्र काढून समजावत होता. केमोची सलाईन लावू, ती वाढत्या पेशी मारते. सोबत एक टार्गेटेड गोळी, ती गाठीला होणारा रक्ताचा पुरवठा तोडते. आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची स्वतःची फौज जागी करायची. एकेकटं औषध फार काळ पुरत नाही. तिन्ही एकत्र दिली तर काही जणांत गाठ आकसते, वेळ मिळतो. फारच आकसली तर पुढे ऑपरेशनचाही विचार करता येतो. पण तिन्ही हवीत, आणि गोळी रोज, घरी, न चुकता. शेवटी त्यांनी विचारलं, "पेशंटला माहीत आहे ना?"

मिलिंद म्हणाला, "हो."

बाहेर आल्यावर तो रडायला लागला. "बाबांना कॅन्सर म्हटलं की ते खचतील, ताई. त्यांना सांगायचं नाही. पित्तात गाठ होती, इन्फेक्शन आहे, सलाईननं साफ होईल." काकूंनी मान हलवली. आणि मी? माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ज्या माणसाने एका निनावी बाटलीपायी गावंच्या गावं पायी तुडवली, त्याला आपण निनावी औषध देणार? एवढंच बोलायचं होतं. मी बोलले नाही. मुलगा तो, मी कोण? घरचे ठरवतात तसं वागायचं असतं. 'पेशंटला सांगू नका' हे वाक्य मी आयुष्यात इतक्या बायकांच्या, इतक्या म्हाताऱ्यांच्या खाटेपाशी ऐकलं होतं की ते मला चांगुलपणाचं वाटत होतं. आज ते वाक्य कोणी हळू आवाजात म्हटलं की माझ्या कपाळाची शीर उडते. कोणाच्या काळजीने ते बोलतात? ज्याचं शरीर त्यालाच वगळून बाकी सगळ्यांची मसलत होते, आणि तिला आपण प्रेम म्हणतो.

गोळीच्या पाकिटावर नाव होतं, आणि साहेब नाव वाचणार, नातवाच्या मोबाईलवर शोधणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा तोड मीच काढली. माझ्याकडे जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली होती. तिच्यात मी त्या गोळ्या काढून भरल्या. माझ्या हाताने. पाकिटं मी घरी नेऊन जाळली.

"कशाची हाय?" साहेबांनी विचारलं.

"ताकदीची, साहेब. रोज एक."

"टॉनिक?"

"हाव."

त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू देऊन राह्यली म्हंजे पाहूनच देत असशीन." लेबल वाचायला त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. मला त्यांचाही राग येतो तो इथे. सगळ्या जिल्ह्यावर संशय घेणाऱ्या माणसाने नेमका माझ्यावरच का घेऊ नये?

सलाईन सुरू झाली. तीन आठवड्यांत दोनदा जायचं. गाडी ठरवून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. साहेबांनी पहिल्याच दिवशी सिस्टरला धरलं. खांबावर दोन पिशव्या लटकत होत्या, एक केमोची, एक इम्युनोथेरपीची.

"सिस्टर, हे दोन्ही मिसळता काय?"

"नाही काका. एक संपली की साध्या सलाईननं नळी धुवायची, मग दुसरी."

साहेब खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, पंप धुऊन घेतात. शिकलेले लोक हायेत." त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. आमच्या खात्याची, फवारणीच्या नोंदीची. उभ्या रेघा तशाच होत्या. पिकाच्या नावापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि नोंदी सुरू केल्या. तारीख, सलाईन, ताप किती, जेवण किती, बीपी किती. बीपीचं मशीन त्यांनी स्वतः आणलं होतं.

महिनाभराने एका रविवारी ते चहा पिता पिता म्हणाले, "बाई, हे टॉनिक मले मानवत नाई. बीपी वाढते. तळहाताची कातडी सोलून राह्यली. टॉनिकनं असं होते काय?"

"होतं कधी कधी. पण घ्यायचीच असते साहेब, सोडायची नाही."

"काऊन?"

'काऊन', म्हणजे का, या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय त्यांनी मला तीन वर्षांत एकही काम सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून." त्यांनी चहा संपवला. दर खेपेला मी मिलिंदने पाठवलेल्या नव्या गोळ्या बाटलीत ओतत होते, आणि बाटली कधी रिकामी झालेली दिसली नाही. मला ते दिसत होतं. पण पाहिलं नाही. त्यांनी माझ्या वहीतलं पान फाडलं असतं.

तीन महिन्यांनी स्कॅन झालं. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. डॉक्टर पडद्यावर बराच वेळ पाहत राहिले. गाठ वाढली नव्हती, पण ज्या मानाने आकसायला हवी होती तशी आकसलीही नव्हती.

"गोळी रोज चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"रोज," मिलिंद म्हणाला.

"गोळीचं मले इचारा," साहेब म्हणाले आणि पिशवीतून वही काढली. "ह्यात सारं लिहेल हाय. सलाईन, ताप, बीपी. टॉनिकचं बी लिहेल हाय."

"टॉनिक म्हणजे?"

डॉक्टर पानं उलटत गेले. साहेब त्यांच्याकडे झुकून समजावून सांगायला लागले, सभेत सांगायचे तसे, उत्साहाने. "सलाईनच्या आधी तीन दिवस टॉनिक बंद. नंतर चार दिवस बंद. मोठी दवाई चालू असली का टॉनिक मिसळाचं नसते, डॉक्टरसाहेब. जिंदगीभर मी लोकाले हेच शिकवलं. अन् पाहा, ज्या दिवशी टॉनिक घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बीपी. हे इथं. हे इथं. दोष टॉनिकचा हाय, मी पक्का काढला."

त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. नोंदी चोख होत्या. तीन आठवड्यांतले दोन आठवडे त्यांनी गोळी घेतलीच नव्हती, आणि आम्ही त्यांना जे सांगितलं होतं ते खरं असतं तर त्यांच्यासारखं शहाणपणाचं वागणं दुसरं नव्हतं.

डॉक्टरांनी वही मिटली. मिलिंदला विचारलं, "यांना सांगितलेलं नाही?" मिलिंद फरशीकडे बघत राहिला. "तुम्ही मला हो म्हणाला होतात," डॉक्टर म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता.

साहेबांनी चष्मा काढला. खिशात ठेवला. मी वाट पाहत होते की आता काहीतरी उपडं होणार. पण ते माझ्याकडे वळले.

"बाई, त्या डब्यावर तिकोन कोणता होता?"

माणसाच्या गोळ्यांच्या पाकिटावर तिकोन नसतो. त्यांनाही ते माहीत होतं.

"लाल, साहेब."

"नाव?"

मी नाव सांगितलं.

"कायच्यावरची हाय?"

"कॅन्सरवरची."

काकू रडायला लागल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडेच पाहत होते. "बाटलीत कोणं ओतली?"

"मी."

ते फक्त मान हलवत राहिले. त्यांनी मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी त्यांचे उपकार मानले असते. मिलिंद म्हणाला, "बाबा, तुम्ही खचला असता." तेव्हा ते त्याला शांतपणे म्हणाले, "तिकोन पाहून कोणी खचत नाई रे. तिकोन पाहून माणूस हातमोजे घालते."

घरी परतताना ते गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले. दारात म्हणाले, "बाटली आण." मला समोर बसवून त्यांनी बाटलीवरचा जुना कागद पाण्याने खरडायला लावला. मग नवा कागद, त्यावर औषधाचं नाव, मात्रा, कशासाठी, कोणी दिलं. शेवटच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. नातवाच्या कंपासमधला लाल पेन काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मी तिकोन काढला. तिकोन वाकडा आला. त्यांनी तो चालवून घेतला.

काही दिवसांनी मी धीर करून विचारलं, "साहेब, तुम्हाला खरंच अंदाज नव्हता?"

"होता ना. त्या वार्डात सारे टकलेच बसेल राह्यते. पण अंदाजावर दवाई होते काय? मले सांगतलं असतं तर मी एक दिवस चुकलो नसतो, बाई. एक दिवस नाई."

हे वाक्य माझ्या छातीत अजून तसंच आहे. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना समोर बसवून तिन्ही औषधांचं काम विचारून घेतलं आणि बाहेर येऊन मलाच शिकवलं. "एक जाळते. एक पाणी तोडते. अन् तिसरं अळी खाणाऱ्या आपल्याच मित्रकिडी जाग्या करते. हे बादलीतलं मिसळणं नाई, हे एकात्मिक हाय. फवारा, सापळा, मित्रकिडी, सारं ठरवून एकामेकाच्या जोडीनं. मी काय शिकवत होतो इतके वर्षं?" हे बोलताना त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. सगळ्या जिल्ह्यात हा उपचार ज्याला सगळ्यात लवकर कळला असता त्याच माणसापासून आम्ही तो लपवला.

त्या दिवसानंतर गोळी एकदाही चुकली नाही. बीपीसाठी वेगळी गोळी सुरू झाली, तळहाताला मलम. पण एक नवीन रीत पडली. मी गोळी पुढे केली की ते हात पसरायच्या आधी विचारायचे, "तिकोन?" मी म्हणायचे, "लाल." मग नाव. मग कशावरची. मगच तोंड उघडायचे. काकूंना ते विचारत नसत, मिलिंदला विचारत नसत. फक्त मला. चहा मिळायचा, गप्पा व्हायच्या, माझ्या खात्यातल्या लोकांना शिव्या द्यायचे, सगळं पूर्वीसारखं. पण गोळीच्या वेळी मी त्यांच्या दृष्टीने अनोळखी दुकानदार होते. वॉर्डात तर त्यांनी उच्छाद मांडला. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारायचे, "तुमच्या पिशवीत काय हाय?" नातेवाईक डोळ्यांनी खुणावायचे, नको, नको. साहेब त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहायचे. "त्याच्याच अंगात चाललं ना थे? मंग त्याले काऊन नाई सांगाचं?" दोन घरांशी भांडणं झाली. सिस्टर मला म्हणाली, काकांना आवरा. मी आवरलं नाही.

पुढचा स्कॅन बरा आला. गाठ थोडी आकसली होती. त्यानंतरचाही ठीक होता. मग जाळी तुंबली, थंडी वाजून ताप आला, पू झाला, आणि त्यातून उठताना साहेब निम्मे झाले. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढायला लागली होती. मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं, ते पहिले तीन महिने गेले नसते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. काही जणांत सगळं वेळेवर देऊनही असंच होतं. मला त्या उत्तराचाही राग आला. 'तुमच्यामुळे झालं' असं म्हटलं असतं तर निदान राग ठेवायला एक जागा मिळाली असती. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर बोलला थो. तुलना कराले दुसरा प्लॉट कुठी हाय?"

केमो थांबली, गोळी थांबली. घरी खाट हॉलमध्ये आणली. वहीत आता माझं अक्षर होतं, ते सांगायचे आणि मी लिहायचे. एका दुपारी काकू स्वयंपाकघरात होत्या, पुण्याहून आलेला मिलिंद अंग पुसायला पाण्याचं मोठं भांडं घेऊन येत होता. दुखण्यावरच्या नव्या गोळीची वेळ झाली. मी त्यांच्या स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, गोळी पाकिटातून काढली आणि त्यांच्याजवळ नेली. साहेबांचे डोळे मिटलेलेच होते. माझी चाहूल लागली तसं त्यांनी तोंड उघडलं.

मी हात मागे घेतला. इतके महिने ज्या प्रश्नाचा मला जाच होत होता, तो आज आला नाही. ते थकले, एवढंच असेल. पण मला ते चालणार नव्हतं.

"विचारा ना साहेब," मी म्हणाले. "तिकोन कोणता ते विचारा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"कायले इचारू?" ते म्हणाले. "तू सांगशीनच."

मी पाकीट उजेडाकडे धरलं. नाव वाचलं, मात्रा वाचली, कशावरची ते सांगितलं. मिलिंद दारात थांबून ऐकत होता. साहेबांनी मान हलवली, आणि मग मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली.